सोणा थेरीचे यश आणि आपला गुणगौरव

आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभाचा अर्ज ज्यांनी कधी भरला असेल त्यांना त्यातील सातवा रकाना आठवत असेल. 'शिक्षणात खंड : आहे / नाही'. ज्याने 'आहे' वर खूण केली त्याचा अर्ज आम्ही बाजूला काढतो. हा नियम कोणी वरून लादलेला नाही. एका वर्षी अर्ज फार आले, सभागृह लहान, भेटवस्तू मोजक्या, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत आम्हीच तो केला. पुढे सभागृह मोठे मिळाले, पण नियम तसाच राहिला.

मागील वर्षी एका सुनेचा अर्ज तिच्या सासूबाईंनी स्वतः विहारात आणून दिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न, विसाव्या वर्षी मुलगी, तीन वर्षे पुस्तके माळ्यावर, नंतर मुक्त विद्यापीठातून राहिलेले शिक्षण पूर्ण, शेकडा ५४ गुण. दिवसा एका खाजगी दवाखान्यात बिलाच्या टेबलावर नोकरी. नियमाप्रमाणे अर्ज परत गेला. पुढे वर्षावासातील अभ्यासवर्गात अष्ट लोकधर्मांचा पाठ चालला असताना तीच ताई मागच्या रांगेत बसली होती. मुलगी मांडीवर डोके ठेवून झोपली होती. पाठ संपला तेव्हा तिने विचारले, "काका, या आठांमध्ये आपला गुणगौरव कुठे बसतो?"

दोघेचौघे हसले. आम्ही "पुढच्या रविवारी बोलू" असे सांगून वेळ मारून नेली आणि पुढच्या रविवारी विषय काढला नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय. उशीर झाला, त्याबद्दल त्या ताईंनी क्षमा करावी.

यसो आणि यश

अंगुत्तर निकायाच्या अष्टक निपातात तथागतांनी आठ लोकधर्म सांगितले आहेत. लाभ आणि अलाभ, यश आणि अयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख. जग या आठांच्या मागे फिरते आणि हे आठ जगाच्या मागे फिरतात. येथे पाली 'यसो' या शब्दाकडे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. मराठीत आपण परीक्षा उत्तीर्ण झाली की 'यश मिळाले' म्हणतो. पालीतील यसो म्हणजे कीर्ती, मानमरातब, आपल्या मागेपुढे असणारा माणसांचा परिवार. म्हणजे दुसऱ्याने दिलेली आणि दुसऱ्यालाच काढून घेता येणारी वस्तू. एखाद्याने रात्री जागून स्वतःमध्ये जे घडवले ते या आठांत मोडत नाही. ते वेगळ्या सदरात, विरियाच्या म्हणजे प्रयत्नाच्या सदरात येते.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरळ आहे. आमचा गुणगौरव यश आणि प्रशंसा या दोन घरांत बसतो. त्यात वाईट काही नाही. या गोष्टी टाकून द्या असे सुत्तात म्हटलेले नाही. त्या अनित्य आहेत हे जाणून आर्यश्रावक त्या आल्याने फुगत नाही आणि गेल्याने खचत नाही, एवढेच तेथे सांगितले आहे. बिघडते कोठे, तर ही दोन घरे म्हणजेच सबंध आयुष्याचा हिशोब असे आपण मानू लागतो तेव्हा.

आपल्या वस्तीतला हिशोब सर्वांना पाठ आहे. सोळाव्या वर्षी दहावी, एकविसाव्या वर्षी पदवी, तेविशीत नोकरी, मग लग्न, मग घर. हा क्रम आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने फार कष्टाने बसवला आणि त्याला कारणही होते. हातात दुसरी शिडी नव्हती, आणि नोकरीच्या जाहिरातीत वयाची अट असे. पण त्या अटीचाही कागद उघडून पाहावा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सर्वसाधारण पदांसाठी कमाल वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे झाली. काही पदांची अट वेगळी असते, ती जाहिरातीत पाहूनच घ्यावी. परंतु पंचविशीत पदवी घेतलेल्या आईच्या हाती बहुतेक पदांसाठी अजून अठरा वर्षे असतात. तिला 'तुझे वय गेले' असे सांगणारे शेजारी सरकारपेक्षा कडक आहेत.

दोन सोणा

धम्माच्या इतिहासात सोणा नावाची एक थेरी होऊन गेली. थेरीगाथेत तिच्या नावावर गाथा आहेत. तिला दहा मुले झाली होती, म्हणून तिला बहुपुत्तिका म्हणत. अट्ठकथेत तिची हकीकत येते ती अशी. पती प्रव्रजित झाल्यावर तिने सारी संपत्ती मुलांत वाटून दिली. मुलांनी काही दिवस सांभाळले, मग तिचा आब राहिला नाही. शरीर थकलेले असताना ती भिक्खुणी संघात आली. तेथेही तिच्या वाट्याला कामे आली, पाणी तापवण्यासारखी. दिवस कामात जाई, म्हणून तिने साधनेसाठी रात्र घेतली. अंधारात धडपडू नये म्हणून ती एका खांबाला हाताने धरून त्याच्याभोवती चालत असे आणि चिंतन करीत असे. आपण उशिरा आलो आहोत, तेव्हा गाफील राहून चालणार नाही, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

पुढे तथागतांनी ज्या ज्या गुणात जो श्रेष्ठ त्याची नावे सांगितली. ही यादी अंगुत्तर निकायाच्या एकक निपातात आहे. तिला धम्मातील गुणगौरव म्हटले तरी चालेल. भिक्खुणींमध्ये 'आरद्धविरिय', म्हणजे प्रयत्न आरंभून तो न सोडणारी, म्हणून या सोणेचे नाव आले. तिने किती उशिरा सुरुवात केली हे त्या यादीत विचारलेले नाही.

आता गंमत पाहा. भिक्खूंच्या यादीत याच गुणासाठी ज्याचे नाव आहे तोही सोणच, सोण कोळिविस. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला, इतका नाजूक की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते असे सांगतात. राजगृहाच्या शीतवनात त्याने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर स्वर नीट लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. प्रयत्नही असाच समतोल लावावा लागतो.

ही दुसरी हकीकत आपण तरुणांना नेहमी सांगतो, पहिली क्वचित. आमच्या मते दोन्ही एकत्र वाचाव्यात. सोणा थेरी उशिराचे भय घालवते. पण तिची मुले मोठी झालेली होती. सहा महिन्यांचे बाळ घेऊन बसलेल्या विद्यार्थिनीने तिच्याकडे पाहून रात्र रात्र जागायचे ठरवले तर तिचे सोण कोळिविसासारखे होईल. बाळ रात्रीतून तीनदा उठते, पहाटे नळाला पाणी येते, आठ सत्तावन्नची लोकल धरायची असते. त्या बाईच्या वीणेची तार मुळात ताणलेलीच आहे.

राखणे हेही पधान

आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाची चार अंगे आपण वर्गात पाठ करतो. वाईट येऊ न देणे, आलेले घालवणे, चांगले नसेल ते निर्माण करणे आणि निर्माण झालेले राखणे. चौथ्याला अनुरक्खणप्पधान म्हणतात. परीक्षेच्या उत्तरात हे चौथे अंग मुले एका ओळीत संपवतात. खरे पाहता ते इतर तिघांच्या बरोबरीचे आहे. राखण्यालाही पधान म्हणजे प्रयत्नच म्हटले आहे, विश्रांती म्हटलेले नाही.

आईपणाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत शिकणाऱ्या मुलीचे यश कशात मोजावे, याचे आम्हांला सापडलेले उत्तर हे आहे. त्या काळात नवे मिळाले नाही म्हणून ती मागे पडली असे नाही. मिळवलेले राखले असेल तर ती यशस्वी आहे. मूळ उपदेश मनाच्या कुशल अवस्थांविषयी आहे, तो आम्ही शिक्षणाला लावतो आहोत, हे मान्य. पण वाचनाची सवय, स्वतःवरचा विश्वास आणि चिकाटी या मनाच्याच गोष्टी आहेत.

राखायचे म्हणजे काय, ते आमच्या नोकरीतील अनुभवावरून सांगतो. प्रवेश रद्द करू नये, या वर्षी परीक्षा देता आली नाही तरी नोंदणी जिवंत ठेवावी आणि ती किती वर्षे चालते हे अभ्यासकेंद्रात विचारून घ्यावे. दिवसाला एक पान तरी वाचावे, मोठ्याने वाचले तर बाळही ऐकते. आणि कागदपत्रे! बँकेच्या टेबलावर आम्ही रोज पाहतो, गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर तिसरेच स्पेलिंग. शिकायला पुन्हा उभ्या राहिलेल्या मुलीचा पहिला महिना या नावांच्या फरकातच जातो. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा, नाव बदलायचे असेल तर राजपत्रातील नोंद करून घ्यावी. जातीचा दाखला आणि पडताळणी वडिलांकडच्या पुराव्यांवर होते, तेव्हा माहेरचे जुने दाखले भाऊ घर बदलण्याआधी मागून घ्यावेत. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या, त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले हे वडीलधाऱ्यांना विचारा. इतक्या झगड्याने मिळालेला कागद ट्रंकेत वाळवीला द्यायचा नसतो. हे सर्व एका पिशवीत, आणि ती पिशवी स्वतःच्या ताब्यात.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. तेराव्या वर्षी लग्न, अनेक बाळंतपणे, पोटासाठी छोटेसे दुकान. माल बांधायला जी रद्दी येई ती त्या वाचून काढीत. वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिले आणि १९८६ साली ते 'जिणं आमुचं' या पुस्तकरूपाने आले. त्या दुकानात बसलेल्या बाईचा सत्कार आपल्यासारख्या एखाद्या संस्थेने तेव्हा केला असता का, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. त्यांना पदवी नव्हती, टक्केवारी नव्हती, आणि खंड म्हणाल तर सारे आयुष्यच.

बाबासाहेबांनी काय मागितले

कोणी म्हणेल, लवकर लग्न केलेल्या मुलींचे कौतुक करून तुम्ही लवकर लग्नालाच उत्तेजन देता. हा आक्षेप बैठकीतही आला होता आणि तो हलका नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची परिषद भरली, अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तेथे बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, मुले कमावती होईपर्यंत ती जबाबदारी त्यांच्यावर लादू नका, फार मुले होऊ देऊ नका आणि पत्नीने पतीशी मैत्रिणीच्या नात्याने, बरोबरीने वागावे असे स्पष्ट सांगितले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जवळपास २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. तो आकडा सर्व समाजांचा मिळून आहे, पण म्हणून आपण सुटलो असे नाही.

परंतु त्याच बाबासाहेबांनी दुसरी बाजूही पाहिली. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. म्हणजे मुलींना थांबा म्हणणारे आणि आई झालेल्या कामगार स्त्रीसाठी रजा मागणारे बाबासाहेब एकच आहेत. लग्नाला उशीर करा हे सांगण्याची जागा आईबापांच्या सभेत आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलीला त्याचीच शिक्षा म्हणून सत्काराच्या रांगेतून बाहेर काढणे ही निराळी गोष्ट झाली.

तो हक्क पुढे कोठवर आला तेही विद्यार्थिनींना माहीत असावे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी, हेही त्यात आहे. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संशोधन करणाऱ्या स्त्रियांना पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांतच दिली. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे व हजेरीच्या सवलतीचे नियम करावेत, असे डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना कळवले. महाविद्यालयाच्या कार्यालयात हे ठाऊक नसले तर लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. धुणीभांडी करणाऱ्या किंवा हजेरीपटावर नाव नसलेल्या आपल्या भगिनींपर्यंत मात्र यातले फारच थोडे पोहोचते, ही खंत आहे.

बढतीचे पत्र

आमच्या शाखेतील एका लिपिक बाईंची गोष्ट. बाळ पोटात असताना त्या 'जेएआयआयबी'च्या परीक्षेला बसल्या, एक पेपर गेला. पुन्हा बसल्या, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा निघाला, पगारात एक वेतनवाढ आली. पुढे अधिकारीपदाची लेखी परीक्षाही त्या पास झाल्या. मूल दोन वर्षांचे होते. बढती म्हणजे बदली, हे बँकेत कोणाला सांगावे लागत नाही. त्यांनी बढती नाकारली. चहाच्या टेबलावर दोन मते झाली. एक गट म्हणाला, संधी घालवली. दुसरा म्हणाला, खरी आई आहे. आमच्या मते दोन्ही गटांनी त्यांच्यावर अन्यायच केला. पहिल्याने त्यांचा निर्णय हार मानला, दुसऱ्याने तो त्याग केला. बाईंनी फक्त हिशोब केला होता. तीन वर्षांनी मूल शाळेत गेल्यावर पुन्हा अर्ज करायचा, तोवर पुढची परीक्षा द्यायची. तीन वर्षांनी त्यांनी अर्ज केला. त्या वेळी मुलाखतीत नाव आले नाही. त्याच्या पुढच्या वेळी आले आणि त्या कोकणात एका लहान शाखेत गेल्या. आठवड्यातून एकदा एस.टी.ने घरी येतात. मुलाचे डबे आता त्याचे वडील करतात. पोळ्या अजून जाड होतात असे ऐकतो.

यावरून घराचा विषय निघतो. सिगालोवाद सुत्तात सहा दिशांची कर्तव्ये आहेत. पतीने पत्नीसाठी करायच्या पाच गोष्टींत तिचा मान राखणे आहे, तिला तुच्छ न लेखणे आहे, आणि घरातील अधिकार तिच्या हाती देणे आहे. सासू-सासरे ही स्वतंत्र दिशा त्या सुत्तात नाही, हे आमच्या वर्गातील सुनांनी फार चटकन शोधून काढले होते! पण अधिकार देणे म्हणजे भांड्यांचा अधिकार नव्हे. आपल्या दिवसातले दोन तास कशाला द्यायचे, आपल्या पगारातली फी कोठे भरायची, हे ठरवण्याचा अधिकार. 'आमची सून घर, नोकरी, अभ्यास सगळे सांभाळते' हे वाक्य सत्काराच्या भाषणात फार ऐकू येते. टाळ्याही पडतात. ते ऐकताना आम्हांला आता संकोच वाटतो. ती सगळे सांभाळत असेल तर बाकीचे काय करतात? अर्ज घेऊन आलेल्या त्या सासूबाई मात्र वेगळ्या निघाल्या. अभ्यासवर्गाच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे असतो असे नंतर कळले. त्यांचा सत्कार कोणत्या रकान्यात करायचा, तेही आमच्या अर्जात नाही.

यंदाच्या बैठकीत सातव्या रकान्याचा विषय निघाला. काढून टाकावा असे काहींचे मत पडले. मग अर्ज किती येतील, निवड कशी करायची, असे दुसऱ्यांनी विचारले, आणि तो प्रश्न पुष्कळसा आमचा स्वतःचाच होता. दोन तास चर्चा होऊन रकाना राहिला, शब्द बदलले. 'शिक्षणात खंड असल्यास किती वर्षे, आणि पुन्हा सुरुवात कशी केली' असे आता तेथे छापले आहे. त्या गटासाठी टक्क्यांची अट ठेवलेली नाही. नवा अर्ज आम्ही त्या ताईंकडे पाठवला. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा चालू आहे, ती झाल्यावर भरते, असा निरोप सासूबाईंनी आणला आहे. अर्जाची शेवटची तारीख आम्ही पंधरा दिवसांनी पुढे केली आहे.